शॉक आणि स्ट्रट बदलून गाडीची चाल आणि वळणावरची पकड, दोन्ही सुधारतात का?

सरळरेषा
नमस्कार. माझी गाडी म्हणजे पुढची चाके ओढणारी एक साधी हॅचबॅक आहे. ती मी दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतली आणि आता मीटरवर ९२,००० किलोमीटर झाले आहेत. माझ्या तक्रारी दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. लाटांसारख्या उंचसखल रस्त्यावर वेगात गेले, की गाडी होडीसारखी डोलते आणि एका उंचवट्यानंतर दोनतीन वेळा वरखाली होत राहते. याउलट पुढचे चाक एखाद्या लहानशा खड्ड्यात गेले, तरी असा दणका बसतो, की मध्ये स्प्रिंग आहे की नाही अशी शंका यावी. म्हणजे गाडी एकाच वेळी ढिलीही वाटते आणि कडकही.
चारही शॉक काढून त्यांच्या जागी उंची कमीजास्त करता येणारा, कडक कॉइलओव्हर संच (शॉक आणि त्याभोवतीची स्प्रिंग एकत्र असलेला) बसवावा असे मनात आहे. त्यामुळे वळणावर गाडी कलणे थांबेल आणि चालही सुधारेल का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

चौथा गिअर
नि:संकोच बसवा. मी तीन वर्षांपूर्वी बसवला आणि वळणावर गाडी रुळावरून चालल्यासारखी जाते. मूळ शॉक हे कंपनीने सर्वांना चालतील असे मवाळ केलेले असतात. ज्याला गाडी चालवण्याची आवड आहे त्याने ते पहिल्याच वर्षी काढून टाकावेत, असे माझे मत आहे.

मागचा प्रवासी
वरील प्रतिसाद लिहिणाऱ्यांच्या गाडीत मागे कोण बसते, हे त्यांनी सांगितलेले नाही. माझ्या मेहुण्याने असाच संच बसवला आहे आणि त्याच्याकडे जाऊन परत येईपर्यंत माझ्या चष्म्याचे स्क्रू ढिले होतात.

तेलकट हात
धागाकर्त्यांनी काहीही विकत घेण्यापूर्वी गाडीखाली एकदा नीट पाहावे, अशी माझी विनंती आहे. शॉकच्या नळीवर तेलाचा पुसट ओलसरपणा आणि त्यावर बसलेली धूळ दिसली, तर त्याने घाबरून जाऊ नये. दांडा आतबाहेर होताना तेलाचा सूक्ष्म थर बरोबर येतोच. मात्र तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील, तर सील गेले आहे असे समजावे. त्यानंतर टायरवर हात फिरवून पाहावा. टायरच्या घेरावर ठराविक अंतराने खोलगट चट्टे लागले, तर चाक रस्त्यावर टेकून राहण्याऐवजी उड्या मारत आहे, असा त्याचा अर्थ बहुधा असतो.
याशिवाय लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, अँटी-रोल बारच्या (गाडीचे कलणे कमी करणाऱ्या दांड्याच्या) लिंक आणि स्ट्रटचे वरचे माउंटिंग हेही पाहावे. एवढ्या किलोमीटरनंतर यांतले काही ना काही झिजलेले असतेच, आणि बुश फाटलेला असताना शॉक कितीही भारी बसवला तरी गाडी सैरभैरच वाटते.

मंदगती
एक सोपी चाचणी सुचवतो. गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडून द्यावा. गाडी वर येऊन जागच्या जागी स्थिरावली तर शॉक ठीक आहे; दोनतीन झोके घेतले तर तो संपला. मी आजवर एवढ्यावरच निर्णय घेत आलो आहे.

लंबक
मंदगती, ही चाचणी अर्धीच उपयोगाची आहे. त्यात नापास झालेला शॉक खात्रीने संपलेला असतो. पण पास झालेला शॉक चांगलाच असतो असे मात्र नाही. आपण हाताने दाबतो तेव्हा आतला पिस्टन अगदी सावकाश हलतो, आणि खड्ड्यात चाक पडते तेव्हा तो त्याच्या कितीतरी पट वेगाने हलतो. या दोन वेगांसाठी तेलाच्या वाटा आणि झडपा वेगळ्या असतात. शिवाय जुन्या, कडक झालेल्या बुशांचे घर्षणही झोका थांबवते आणि त्याचे श्रेय फुकट शॉकला मिळते.
मूळ प्रश्नासाठी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या विषयातले बहुतेक गैरसमज एकाच ठिकाणी उगवतात. गाडीचे वजन स्प्रिंग पेलते, शॉक पेलत नाही. स्प्रिंग दाबली गेली की तिच्यात ऊर्जा साठते, आणि शॉक नसेल तर ती ऊर्जा संपेपर्यंत गाडी झुलत राहते. शॉकचे काम एवढेच, की पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल ढकलायला लावून त्या ऊर्जेची उष्णता करून टाकायची. म्हणूनच खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉक हाताला कोमट लागतो. एकाच रस्त्यावरून आलेल्या गाडीचे तीन शॉक कोमट आणि चौथा थंडगार लागला, तर त्या चौथ्यावर संशय घ्यायला हरकत नाही. मात्र सायलेन्सरच्या नळीजवळ हात घालू नये.
आता शॉकला एकाच वेळी दोन निरनिराळे झोके आवरायचे असतात. साध्या प्रवासी गाडीचा वरचा सांगाडा सेकंदाला साधारण १ ते १.५ वेळा झुलतो, तर चाक, ब्रेक आणि ॲक्सल यांचा भार १० ते १५ वेळा थरथरतो. धागाकर्त्यांना होडीसारखे जे डोलणे जाणवते तो पहिला झोका, आणि टायरवर जे चट्टे पडतात तो दुसऱ्याचा प्रताप. नुसता कडक शॉक पहिला झोका झटकन थांबवतो; परंतु झडपांची रचना बेताची असेल तर लहान खड्ड्याचा धक्का तसाच्या तसा वर पोहोचवतो. चांगला शॉक हळू हालचालीला घट्ट आणि वेगवान हालचालीला सैल सोडणारा असतो. येथे हळू आणि वेगवान हे शब्द पिस्टनच्या वेगाबद्दल आहेत, गाडीच्या वेगाबद्दल नाहीत.

चौथा गिअर
लंबक यांचे विवेचन उत्तम आहे, पण ते व्यवहारापासून दूर गेले आहे. माझ्या गाडीचे वळणावरचे कलणे कमी झाले, हे मी स्वत: पाहिले आहे. मग ते शॉकमुळे नाही तर कशामुळे झाले?

लंबक
आपल्या संचात शॉकबरोबर स्प्रिंगही बदलली गेली, त्यामुळे. लांबलचक, एकसारख्या वळणावर गाडी शेवटी किती अंशांनी कलेल हे स्प्रिंग, अँटी-रोल बार, गाडीची रुंदी आणि गुरुत्वमध्याची उंची यांवर ठरते. त्यात शॉकचा वाटा जवळजवळ नसतो. त्या कलापर्यंत गाडी किती झपाट्याने पोहोचेल, हे मात्र शॉक ठरवतो. म्हणून स्टिअरिंग वळवताक्षणी किंवा डावीकडून लगेच उजवीकडे जाताना चांगल्या शॉकची गाडी नेमकी वाटते. ब्रेक दाबल्यावर नाक खाली जाण्याचेही तसेच आहे. नवे शॉक ते नाक सावकाश जाऊ देतात, पूर्णपणे थांबवत नाहीत.

चौथा गिअर
ही बाजू माझ्या लक्षात आली नव्हती. मान्य करतो.

मागचा प्रवासी
या संस्थळावर कोणीतरी काहीतरी मान्य केल्याची नोंद व्हावी, म्हणून हा प्रतिसाद.

निवांत
थोडे अवांतर, पण विषयाला धरूनच आहे. शॉक आणि स्ट्रट हे शब्द आपण सरमिसळ वापरतो, मात्र त्यांत मोठा फरक आहे. शॉक हा सुटा भाग असतो. तो काढला तरी चाक आपल्या जागी राहते. मॅकफर्सन स्ट्रट हा सस्पेंशनच्या सांगाड्याचाच भाग असतो. वरच्या आर्मचे काम तोच करतो, स्प्रिंग त्याच्याभोवती असते आणि पुढच्या चाकांवर असेल तर स्टिअरिंगबरोबर तो अख्खाच्या अख्खा फिरतो. अर्ल मॅकफर्सन यांनी ही रचना जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॅडेट या लहान गाडीच्या प्रकल्पात मांडली होती. तो प्रकल्प १९४७ मध्ये गुंडाळला गेला, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेले आणि १९५० साली आलेल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफर या गाड्यांत ही रचना पुढे बसली. बोनेटखाली जागा कमी खाणारी आणि सुटसुटीत असल्यामुळे आज बहुतेक लहान गाड्यांच्या पुढच्या चाकांना तीच दिसते.
तिचा तोटा असा, की चाकाचा आडवा जोर दांड्यावर आणि सीलवर येतो. तो जोर कमी व्हावा म्हणून पुष्कळ गाड्यांत स्प्रिंग दांड्याच्या बरोबर मध्यावर न ठेवता मुद्दाम तिरकी बसवलेली असते. अनेकांना ती चुकीची बसली आहे असे वाटते आणि ते मेकॅनिकशी वाद घालतात. मीही घातला आहे.

अधिकउणे
निवांत यांच्या अवांतरात माझी भर. स्प्रिंग आणि शॉक यांचे काम एकाच गोळ्यात करून दाखवले ते सित्रोएन या फ्रेंच कंपनीने, १९५५ च्या डीएस या गाडीत. त्यात स्प्रिंगच्या जागी नायट्रोजन वायू असे आणि गोळ्याच्या तोंडाशी असलेली झडप शॉकचे काम करी.

तेलकट हात
कृपया पॅरिसहून परत येऊ या. सरळरेषा, आपण दोन गोष्टी अजून सांगितलेल्या नाहीत: टायरमध्ये हवा किती आहे, आणि गाडीची उंची मूळचीच आहे का? हवेचा आकडा दाराच्या खांबावरील पट्टीवरून घ्यावा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा असतो, आणि तेवढी हवा भरून "सस्पेंशन कडक झाले" अशी तक्रार घेऊन येणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.
शिवाय पुढच्या स्ट्रटच्या दांड्याला एक साधा केबल टाय हलक्या हाताने आवळावा. रबरी धूळरोधक वर सरकवून, टाय खाली नळीच्या तोंडाशी टेकवावा आणि नेहमीच्या रस्त्यावरून दहापंधरा किलोमीटर फिरून यावे. स्ट्रट दबला की नळी त्या टायला वर ढकलते आणि टाय तिथेच राहतो. स्ट्रट किती दबला हे त्यावरून कळते. अंदाज बांधावा लागत नाही.

मंदगती
टायची युक्ती मला ठाऊक नव्हती. वाचनखूण साठवली आहे.

सरळरेषा
सर्वांचे आभार. हवा तपासली, ती चारही चाकांत पट्टीवरील आकड्याएवढीच आहे. बुश शाबूत आहेत. उजवीकडच्या पुढच्या स्ट्रटवर तेलाचे ओघळ आहेत, डावीकडचा कोरडा आहे.
टायचा प्रयोग आज सकाळी केला. स्टिअरिंग पूर्ण वळवून, विजेरी आणि दाढीचा लहान आरसा घेऊन चाकाच्या कमानीत डोके घातले. टाय थेट बंप स्टॉपच्या (स्ट्रट पूर्ण दबला की नळी ज्यावर टेकते त्या मऊ ठोकळ्याच्या) खाली चिकटून बसला होता, आणि मी तर एकही मोठा खड्डा घेतला नव्हता. मग गाडी सपाट जमिनीवर उभी असताना नळीचे तोंड आणि बंप स्टॉप यांमधले अंतर मोजले. ते फक्त १४ मिलिमीटर भरले. डावीकडच्या बंप स्टॉपचा खालचा तुकडा गळून पडलेला आहे आणि उरलेला भाग बोटाने दाबल्यावर जुन्या स्पंजासारखा भुगा होतो.
आरसा हातात होताच, म्हणून स्प्रिंगवरील रंगाच्या खुणाही पाहिल्या. त्या मूळ स्प्रिंगच्या नाहीत. आधीच्या मालकाने गाडी बुटकी दिसावी म्हणून आखूड स्प्रिंग घातल्या असाव्यात आणि शॉक मात्र मूळचेच ठेवले असावेत.

लंबक
मग आपल्या दोन परस्परविरोधी तक्रारींचा उलगडा झाला. शॉक थकलेला आहे म्हणून गाडी डोलते, आणि स्प्रिंगला दबायला जागाच उरलेली नाही म्हणून ती आपटते. १४ मिलिमीटर संपले, की पुढचा सगळा भार बंप स्टॉपवर येतो.
बंप स्टॉपला चाटून जाणे ही आपोआपच वाईट गोष्ट नव्हे. आजकाल तो सूक्ष्म छिद्रांच्या पॉलियुरेथेनचा असतो, दाबला जाईल तसा कडक होत जातो, आणि काही गाड्यांत त्याला दुसरी स्प्रिंग समजूनच हिशेब केलेला असतो. पण गाडीने येता-जाता त्याच्यावरच मुक्काम ठोकणे वेगळे.

मागचा प्रवासी
म्हणजे धागाकर्ते दीड वर्ष स्पंजावर बसून गाडी चालवत होते आणि दोष शॉकला देत होते.

चौथा गिअर
या परिस्थितीत मीही कॉइलओव्हरचा आग्रह सोडतो. तो बसवला असता तरी उंची आहे तेवढीच ठेवण्याचा मोह झाला असता आणि दणका कायम राहिला असता. माझ्या गाडीत तसा दणका का बसत नाही, असे विचाराल तर माझ्या संचातील शॉकची नळीच आखूड आहे, त्यामुळे बुटक्या उंचीवरही दबायला जागा शिल्लक राहते.

कोपरापाना
नेमका हाच मुद्दा खरेदी करताना बघायचा असतो. उदाहरणार्थ बिलस्टीन या शॉक बनवणाऱ्या कंपनीच्या बी४, बी६ आणि बी८ या तीन श्रेणी घ्या. बी४ हा मूळच्या जागी मूळच्यासारखाच. बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी, पण अधिक ताकदीचा. बी८ आखूड स्प्रिंगसाठी आखूड केलेला. केवायबीचा एक्सेल-जी दुहेरी नळीचा आहे, तर गॅस-अ-जस्ट एकेरी नळीचा. कोनीच्या पिवळ्या शॉकमध्ये फक्त परतीची पकड, म्हणजे शॉक लांबताना होणारा विरोध, घट्ट-सैल करता येते, दाबतानाची नाही. त्यामुळे लहान खड्ड्याचा धक्का जास्त वाटतो म्हणून त्याचा खटका फिरवत बसण्यात अर्थ नाही.
एकेरी आणि दुहेरी नळीबद्दल थोडक्यात सांगतो. दुहेरी नळीत बाहेरच्या नळीत तेल आणि कमी दाबाचा वायू एकमेकांना लागून असतात. लांबवर खराब रस्ता लागला की तेलाला फेस येतो आणि पकड सैल पडते. एकेरी नळीत वायू तरंगत्या पिस्टनपलीकडे २० ते ३० बार दाबाने कोंडलेला असतो, म्हणून फेस येत नाही आणि तेल लवकर निवते. दुहेरी नळीला मात्र बाहेरून दगड लागून पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते. एकेरी नळीत तोच पोचा पिस्टन अडकवू शकतो.
माझा सल्ला असा: मूळ उंचीच्या स्प्रिंग परत आणा आणि त्यावर मूळ उंचीसाठीच असलेला, थोडा अधिक ताकदीचा शॉक घ्या.

तेलकट हात
सहमत आहे. आता काम करताना काय सांभाळायचे ते सांगतो.
एका बाजूचेच तेल गळत असले तरी स्ट्रट जोडीनेच बदलावेत. त्याबरोबर बंप स्टॉप, धूळरोधक, वरचे माउंटिंग आणि त्यातील बेअरिंग नवे घ्यावे; ते काढण्यासाठी पुन्हा सगळे उघडावे लागते, त्यामुळे तिथली बचत अंगाशी येते. स्प्रिंग दाबण्याचे साधन चांगले असल्याशिवाय घरी स्ट्रट उघडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात किंवा चेहरा जायबंदी होतो, आणि यात मी अतिशयोक्ती करत नाही.
दांडा फिरू नये म्हणून काही जण तो पक्कडीने धरतात. चकचकीत दांड्यावर उठलेला एकच ओरखडा दर झोक्याला सीलवरून जातो आणि नवा शॉक काही महिन्यांत गळू लागतो. दुहेरी नळीचा शॉक आडवा ठेवलेला असेल, तर बसवण्यापूर्वी उभा धरून चारपाच वेळा पूर्ण दाबावा आणि ओढावा, म्हणजे आतल्या नळीत शिरलेला वायू बाहेर पडतो.
सर्वांत जास्त वगळली जाणारी गोष्ट शेवटी. लोअर आर्मचे बोल्ट सैल केले असतील, तर ते गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आल्यावरच आवळावेत. अन्यथा बुशमधले रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर अलाइनमेंट करावेच लागते, कारण स्ट्रट आणि नकल (चाकाचा हब धरणारा भाग) यांच्या बोल्टमध्ये असलेली थोडीशी मोकळी जागासुद्धा कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलायला पुरेशी असते.

सरळरेषा
तीन आठवड्यांनी कळवतो आहे. मूळ मापाच्या स्प्रिंग, एकेरी नळीचे मूळ उंचीचे शॉक, नवे बंप स्टॉप आणि धूळरोधक बसवून घेतले आणि अलाइनमेंट केले. नळी आणि बंप स्टॉप यांमधले अंतर आता ४५ मिलिमीटर आहे. उंचवट्यानंतर गाडी एकदाच वर येते आणि गप्प बसते. लहान खड्ड्याचा आवाज येतो, पण तो चाकापाशीच राहतो. पूर्वीसारखा कण्यात जात नाही. वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जराशी जास्तच कलते, कारण ती वर उचलली गेली आहे आणि स्प्रिंगही मवाळ आहेत. तरीही स्टिअरिंग वळवताच ती लगेच वळते, म्हणून मला अधिक विश्वास वाटतो. लंबक यांनी सांगितलेला फरक मला आता हातांनी कळला.
एक नवीन तक्रार मात्र आहे. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवले, की डावीकडून "टणक" असा आवाज येतो.

तेलकट हात
इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेकवर असताना कोणालातरी स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा आणि आपण डाव्या स्प्रिंगवर बाहेरून तळहात ठेवा. वेटोळ्यांच्या मध्ये बोटे घालू नका. स्प्रिंग सलग फिरते की अडून मग उडी मारते, ते सांगा.

सरळरेषा
अडते आणि मग उडी मारते. तळहाताला झटका बसतो.

तेलकट हात
वरचे बेअरिंग नवे घातले होते ना?

सरळरेषा
माउंटिंग नवे घातले. बेअरिंग हाताने फिरवल्यावर ठीक वाटले, म्हणून जुनेच ठेवले.

मागचा प्रवासी
धागा वर आणतो आहे, कारण मला पुढचे वाचायचे आहे.

सरळरेषा
काल डावा स्ट्रट पुन्हा उतरवला. हातात मोकळे असताना बेअरिंग फिरत होते, पण तळहातावर दाबून फिरवल्यावर वाळू चावल्यासारखे लागले. आतली एक कडी गंजून चिरली होती. दोन्ही बाजूंची नवी बसवली आहेत आणि आवाज गेला आहे. अलाइनमेंट दुसऱ्यांदा करावे लागले.